चार पट्ट्या आणि एक काच

दिवाळीपूर्वी घर झाडायला काढले, की पहिल्याने भिंतीवरच्या तसबिरी खाली येतात. ओल्या फडक्याने काचा पुसल्या जातात, पाठीमागची कोळिष्टके निघतात, एखादी पाल सुळकन पळते, नि भिंतीवर जिथे जिथे तसबीर होती तिथे तिथे जुन्या रंगाचा एकेक स्वच्छ चौकोन उरतो. लहानपणी मला त्या रिकाम्या चौकोनांचे फार नवल वाटे. सगळी भिंत धुराने नि उन्हाने काळवंडलेली. तेवढी जागा मात्र कुणी जपून ठेवल्यासारखी.

वाचकहो, आपल्या घरीही हा सोहळा नुकताच झाला असेल. तसबिरी पुन्हा खिळ्यावर चढल्या असतील, देवांना झेंडूचे हार गेले असतील. आज मला त्या देवांविषयी किंवा आजोबा-पणजोबांविषयी बोलायचे नाही. त्यांच्या भोवती असलेल्या चार लाकडी पट्ट्यांविषयी बोलायचे आहे. नमस्कार करताना चौकटीकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि ते योग्यच आहे. माझेही जात नव्हते. परंतु एकदा माझ्या हातून एक चूक झाली, नि तेव्हापासून मी कुठल्याही घरी गेलो की आधी चौकट पाहतो, मग चित्र. ती चूक सांगायची तर आधी चौकटीची हकीकत सांगणे भाग आहे.

आमचे घर सावंतवाडीच्या बाजूला, तळकोकणात. आजोबा मुंबईला एका गिरणीत फिटरच्या हाताखाली होते. गिरणीत यंत्रांचे सुटे भाग देवदाराच्या खोक्यांतून येत. रिकामी खोकी फुटकळ किमतीला मिळत. तीच फोडून चाळीतली माणसे फळ्या, मांडण्या, पाट करीत. आजोबा तसबिरीच्या चौकटी करीत. हा त्यांचा धंदा नव्हता. रात्रपाळी नसली की ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात चाळीच्या गॅलरीत बसून करायचे ते काम. नोकरी संपवून ते गावी आले तेव्हा एका ट्रंकेत कपडे नि दुसरीत करवत, रंधा, पटाशी, गुण्या घेऊन आले. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला पडवीत बसवून चौकट करायला शिकवली. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही; पण आज शाळेत मुलांना हस्तकला शिकवताना जी विद्या मला उपयोगी पडते, ती त्या पडवीतली आहे.

चौकट करणे दिसते तितके सोपे नाही. चार पट्ट्या, प्रत्येकीला दोन टोके, म्हणजे आठ काप. प्रत्येक काप पंचेचाळीस अंशांचा हवा. एकेका कापात अर्ध्या अंशाची चूक झाली, तर ती कुठे जात नाही. साठत साठत शेवटच्या कोपऱ्यावर येते, नि तिथे चार अंशांची फट आ वासून उभी राहते. पहिले तीन कोपरे कसे झकास जुळले म्हणून खूश झालेल्या माणसाला चौथा कोपरा जमिनीवर आणतो. आजोबा म्हणत, "चूक पहिल्या कोपऱ्यात असते रे, दिसते मात्र चौथ्यात." पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा या वाक्याची मला अनेकदा आठवण झाली.

कापासाठी त्यांनी एक पन्हाळीसारखा लाकडी साचा केला होता. त्याच्या दोन्ही भिंतींना तिरक्या खाचा. पट्टी आत धरायची नि करवत खाचेतून चालवायची. काच बसायला पट्टीच्या आतल्या कडेला पायरी लागते. ती कोरण्याचा खास रंधा त्यांच्यापाशी नव्हता. म्हणून ते एका रुंद पट्टीवर एक अरुंद पट्टी सरसाने चिकटवीत. जी जागा उरे तीच पायरी. सरसाचा डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेला असे, नि त्याचा उग्र वास सगळ्या पडवीत भरे. कोपरे सांधले की चारी बाजूंनी सुतळी गुंडाळायची, सुतळीत काठी घालून पीळ द्यायचा, म्हणजे चारही कोपरे सारखे आवळले जातात. मग दोऱ्याने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत माप घ्यायचे, नंतर दुसऱ्या दोन कोपऱ्यांचे. दोन्ही मापे सारखी भरली तरच चौकट काटकोनात. शेवटी कोपऱ्यांत चुका ठोकायच्या, स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख कापसाच्या बोळ्याने फिरवायची. पाठीला पुठ्ठा, नि धूळ जाऊ नये म्हणून त्यावर खळीने कागद. कसर लागू नये यासाठी त्या खळीत चिमूटभर मोरचूद.

अशा चौकटी माणसे घरोघरी कधीपासून करू लागली असतील? मला वाटे, आमच्या आजोबांसारख्यांनीच हा उद्योग काढला असावा. पुढे वाचनात आले ते ऐकून आपल्यालाही मौज वाटेल.

१८८८-८९ च्या सुमारास फ्लिंडर्स पेट्री हे इंग्रज संशोधक इजिप्तमध्ये हवारा येथे उत्खनन करीत होते. तिथे त्यांना एका स्त्रीचे लाकडी फळीवर रंगवलेले चित्र मिळाले, नि ते चौकटीसकट मिळाले. ते इसवी सनाच्या पहिल्या शतकातले. आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या चौकटीला तिरके काप नाहीत. चार पट्ट्या कोपऱ्यांवर एकमेकींना ओलांडून जातात, नि जिथे ओलांडतात तिथे दोघींना खाचून एकीत एक बसवले आहे. टोके चार दिशांना बाहेर राहिली आहेत. कुठलाही शाळकरी मुलगा करवत नि पटाशी घेऊन करील असा तो सांधा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणाला तरी एका बाईचा चेहरा जपून ठेवावासा वाटला, नि त्यासाठी त्याने चार पट्ट्या सांधल्या. एवढीच ती गोष्ट.

युरोपात पुढे चौकट देवळात गेली. मध्ययुगातल्या अनेक देवचित्रांची चौकट वेगळी नसेच. एकाच जाड फळीचा मधला भाग कोरून खोलगट करीत, त्यावर चित्र काढीत, नि उरलेल्या उंच कडेची चौकट होई. चित्र भिंतीवरून हलवता येऊ लागले, खाजगी घरांत जाऊ लागले, तशी चौकट सुटी झाली. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या व्यापाऱ्यांनी आपल्या दिवाणखान्यांत काळ्या शिसवीसारख्या लाकडाच्या चौकटी लावल्या. फ्रान्सच्या राजेलोकांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या नक्षीदार चौकटी करवल्या. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या यंत्रावर पट्ट्या निघू लागल्या, कोरीव नक्षीच्या जागी साच्यातली नक्षी आली, नि मध्यम स्थितीतल्या माणसालाही चौकट परवडू लागली.

आपल्याकडे मात्र वाट वेगळी होती. आपण चित्र सहसा भिंतीवर टांगीत नव्हतो. एक तर भिंतीवरच काढीत होतो, नाही तर हातात घेऊन पाहत होतो. वाड्यांच्या नि देवळांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या असत. राजेरजवाड्यांची लहान चित्रे बासनात बांधून ठेवीत, नि पाहायची तेव्हा सोडून हातोहात फिरवीत. आमच्याच बाजूला, कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथीची सुटी पाने पोथीसारखी बांधून ठेवतात, नि कथा सांगताना एकेक पान पुढे धरतात. कथा संपली की चित्र पुन्हा बासनात. त्याला चौकट कशाला हवी?

परंतु चौकटीची कल्पना आपल्याला ठाऊक नव्हती असे नाही. वारली घरात लग्न असले की सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकाच्या चारी बाजूंना नक्षीचे पट्टे, नि आत पालघाट देवी. ही चौकटच नव्हे काय? लाकूड नाही, काच नाही, खिळा नाही. तरी आतली जागा देवीची नि बाहेरची आपली, हे तो पट्टा स्पष्ट सांगतो. आणि तंजावरला आपल्या मराठी राजांच्या आश्रयाने, विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, लाकडी फळीवर सोन्याचा वर्ख नि काचमणी बसवलेली देवांची चित्रे बहरली. ती चौकटीत बसवून पूजेला लावीत. तिकडे काचेच्या पाठीमागून रंगवलेली चित्रेही होत. त्यांत काम उलटे असते: जे सर्वांत पुढे दिसायचे ते आधी काढायचे. आधी डोळे नि दागिने, मग चेहऱ्याचा रंग, शेवटी मागची पार्श्वभूमी. या काचचित्रांचा उल्लेख वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पुण्याच्या दरबारात विलायती धर्तीचे तैलचित्र आले ते १७९० नंतरच्या वर्षांत. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवराव पेशव्यांची नि नाना फडणविसांची चित्रे रंगवली. पेशवे नि फडणवीस चौकटीत बसले. पण रयतेच्या भिंती कोऱ्याच होत्या. ज्यांच्यापाशी चितारी ठेवण्याइतका पैसा, त्यांचेच चेहरे भिंतीवर. बाकीच्यांचे देव कोनाड्यात, नि माणसे आठवणीत.

हे सगळे पालटले ते दगडाने. १७९६ च्या सुमारास जर्मनीत सेनेफेल्डर यांनी शिळाछाप शोधून काढला. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, नि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, चित्रावर धरते. या साध्या युक्तीने एका चित्राच्या हजारो प्रती निघू लागल्या. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर नि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. देवादिकांबरोबर मराठी इतिहासातले पुरुष तिथून छापून निघू लागले. सुरवातीच्या चित्रांत नाना फडणविसांचेही चित्र होते. ज्या नानांचे चित्र पूर्वी केवळ दिवाणखान्यात असे, ते आता कारकुनाच्या बिऱ्हाडात आले. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत आपला छापखाना घातला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, नि नंतर फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. कमळातली लक्ष्मी, मोरासह वीणा घेतलेली सरस्वती अशी जी रूपे आपण डोळे मिटले की दिसतात, ती बव्हंशी या छापखान्याने आपल्या डोळ्यांत बसवली आहेत.

कागदावरचा देव स्वस्त होता, तितकाच नाशवंत होता. चुलीचा धूर, उंदीर, झुरळे, पावसाळ्यातली ओल. त्याला काच नि चौकट हवीच. आणि इथे घरातला माणूस कामाला लागला. देव छापखान्याने दिला. त्याला बसायला जागा घरच्यांनी केली. पुरुषांनी खोक्याच्या फळ्यांतून चौकट केली. बायकांनी लक्ष्मीच्या शालूवर खरी जर, टिकल्या नि मणी चिकटवले. जुन्या घरांतून अशी चित्रे अजून पाहायला मिळतात. शालूची जर काळी पडलेली असते. पण हजारोंनी छापलेली ती लक्ष्मी जर लावल्यावर त्या एकाच घरची झालेली असते. १९७२ साली मळवलीच्या छापखान्याला आग लागून मोठी हानी झाली. परंतु तिथून निघालेली चित्रे घरोघर काचेमागे सुखरूप होती. ती सांभाळली कुणी? कुठल्याही संग्रहालयाने नव्हे, खोक्याच्या लाकडाने.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने सांगितली पाहिजे. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे अस्पृश्य मानलेल्या हजारो माणसांना बंद होते. त्या वेळी रामाचे छापील चित्र मात्र बाजारात कुणालाही मिळत होते. छापखान्याने जात विचारली नाही. तेव्हा सत्याग्रहाचा प्रश्न देव दिसण्याचा नव्हताच. माणूस म्हणून बरोबरीने उभे राहण्याचा होता. तो प्रश्न कागदाच्या रामाने सुटण्यासारखा नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, नि त्यानंतर असंख्य घरांत भगवान बुद्ध नि बाबासाहेब यांच्या तसबिरी शेजारी शेजारी लागल्या. आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या घरी मी तशी तसबीर पाहिली आहे. चौकट आजोबांच्याच पद्धतीची, दोन पट्ट्या एकीवर एक चिकटवून केलेली. त्या मुलाचा पणजोबा गोदीत कामाला होता; त्याने ती गोदीतल्या खोक्यांतून केली. घरात दुसरे सामान बेताचेच. पण भिंतीवरची ती जागा मात्र कुणाच्या मेहेरबानीची नव्हती.

देवांमागोमाग, महापुरुषांमागोमाग, भिंतीवर घरची माणसे आली ती फोटोमुळे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची कला जगजाहीर झाली, नि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ ला, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे मुंबईतल्या आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक. पण फोटो सामान्य घरात यायला बराच काळ गेला. मागल्या पिढीत कित्येकांचा जन्मभरात एकच फोटो निघे. बायकांचा तोही नसे. आपल्या घरातल्या तसबिरी मोजून पाहा: पणजोबांचा फोटो असेल, पणजीचा असेलच असे नाही. जिने त्या भिंती सारवल्या, तिची त्यांच्यावर जागा नाही, असे पुष्कळ घरांत दिसेल.

आणि दिवाळी अंक? त्यांचाही या हकीकतीत हात आहे. १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, नि पुढे दिवाळी अंक रंगीत चित्रांनी नटू लागले. दलाल नि मुळगावकर यांच्या चित्रांची मुखपृष्ठे वाचून झाल्यावर कात्रीने कापून चौकटीत जायची. आमच्या चाळीतल्या खोलीत असे एक चित्र होते असे वडील सांगत. तेव्हा आपण हा अंक हातात धरून बसला आहात, त्याच्या थोरल्या भावंडांपैकी कितीतरी जण आजही कुठल्या तरी घरात काचेमागे असतील.

आता माझी चूक सांगतो.

आमच्या आजीचा एकच फोटो होता. १९५१ साली ती औषधपाण्यासाठी मुंबईला आली होती. आजोबांनी तिला नेऊन एका स्टुडिओत फोटो काढवला. नऊवारी लुगडे, कपाळावर मोठे कुंकू, हात गुडघ्यांवर, नि डोळ्यांत काहीसे भय. कारण दिवा डोळ्यांवर येत होता, असे आजोबा सांगत. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. माझे वडील तेव्हा चार वर्षांचे होते, आत्या सात वर्षांची. आत्याला आई आठवत होती. वडिलांना आठवत नव्हती. त्यांना आईचा चेहरा म्हणजे ती तसबीरच.

आजोबांनी तिची चौकट केली ती मात्र खोक्याच्या लाकडाची नव्हे. सागाचा एक तुकडा त्यांनी पैसे मोजून आणला होता. चारही कोपरे असे जुळलेले, की नख घालावे तर रेघ लागत नाही. फोटो त्यांनी काचेला अगदी भिडवून बसवला, मागे जाड पुठ्ठा घालून चुका दाबून मारल्या. धुळीचा कणही आत जाऊ नये, एवढीच त्यांची तळमळ.

आजोबा १९९३ ला वारले. २०११ साली गणपतीआधी घराला रंग काढला, तेव्हा ती तसबीर मी उतरवली. सागाचा एक कोपरा वाळवीने खाल्ला होता. मी हस्तकलेचा मास्तर. मनात म्हटले, आजोबांनी शिकवलेल्या विद्येचे चीज करू. वडिलांना न सांगता मी पडवीत बसून मागच्या चुका काढल्या, पुठ्ठा काढला, नि फोटोची कड धरून ओढली.

फोटो काचेला चिकटला होता. मी समजलो, थोडा दमटपणा आहे, सुटेल. अजून ओढला. कागद फाटल्याचा बारीकसा आवाज झाला. हातात आलेल्या फोटोत लुगडे होते, हात होते, खांदे होते. आणि जिथे चेहरा होता तिथे पांढराफटक खरबरीत कागद होता.

असे का होते ते मला पुढे एका जाणत्या गृहस्थांनी समजावून सांगितले. फोटोच्या कागदावर चित्र असते ते एका पातळ थरात, नि तो थर जिलेटिनचा असतो. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांतून काढलेला पदार्थ. सुतार वापरतात तो सरस त्याचाच थोरला भाऊ. कोकणातल्या पावसाळ्यात काचेच्या आत ओल धरते, जिलेटिन मऊ होते, नि काचेला टेकलेले असले तर तिला चिकटून बसते. असे साठ पावसाळे गेले होते. ज्या जातीच्या पदार्थाने आजोबांनी कोपरे सांधले होते, त्याच जातीच्या पदार्थाने आजी काचेला सांधली गेली होती. म्हणूनच फोटो नि काच यांच्यामध्ये जाड कागदाचा कोरा पट्टा घालतात. मला तो नुसता शोभेचा वाटे. त्याचे खरे काम काच दूर ठेवणे हे आहे. दागेरच्या काळातल्या फोटोंतही काचेखाली पितळी पत्र्याची कड घालीत, ती याच कारणासाठी. आजोबांना हे कुणी सांगितले नव्हते. त्यांनी तिला जितके घट्ट धरता आले तितके धरले.

वडील पडवीत आले तेव्हा तो फाटका कागद माझ्या मांडीवर होता. त्यांनी पाहिले. ते रागावतील असे मला वाटले. ते रागावले नाहीत. खाली बसले, नि लहान मुलासारखे म्हणाले, "अरे, मला दुसरी नाही रे ती."

मला काय बोलावे ते सुचेना. काच अजून पाटावर पालथी पडली होती. तिच्या वरच्या अंगाला कागदाचा पांढरा पापुद्रा तेवढा दिसत होता. आत्या माजघरातून आली. तिने काही न विचारता काच उचलली, नि पुसण्यासाठी म्हणून सुलटी केली.

आजी काचेत होती. डोळे, कुंकू, नाकातली नथ, ओठ, हनुवटी. सगळे जसेच्या तसे. तो थर कागद सोडून काचेकडे गेला होता, पण गेला होता तो तोंड आपल्याकडे करूनच. मागून पाहिले तर पांढरा पापुद्रा, पुढून पाहिले तर पूर्ण चेहरा. तंजावरच्या त्या काचचित्रांची मला आठवण झाली ती तेव्हा.

"मिळाली बघ तुझी आई," आत्या वडिलांना म्हणाली, नि पदराने काच न पुसताच तिने ती त्यांच्या हातात दिली.

त्या गृहस्थांचा सल्ला असा, की चिकटलेला फोटो कधीही ओढू नये; काचेसकटच जपावा. मग मी काच तशीच ठेवली. उरलेला फोटो तिच्या मागे, रेघेला रेघ जुळवून, न चिकटवता ठेवला. आज बारकाईने पाहिले तर गळ्यापाशी एक केसासारखी रेघ दिसते, एवढेच. वाळवी लागलेली पट्टी बदलली. बाकीच्या तीन आजोबांच्याच. चौथी माझी आहे. तिचा कोपरा त्यांच्याइतका जुळला नाही. नख घातले तर लागते. काचेतल्या त्या चेहऱ्यावरून एक प्रतही काढून घेतली. तिला पुठ्ठ्याचा पट्टा घालून नवी चौकट केली, नि ती आत्याच्या घरी दिली.

तेव्हापासून दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मी वर्गातल्या मुलांना एकेक चौकट करायला लावतो. तिरके काप सगळ्यांना जमत नाहीत, म्हणून आम्ही हवाऱ्याच्या त्या चौकटीचा सांधा करतो: पट्टीला अर्ध्या जाडीची खाच, दुसरीलाही तशीच, नि एकीत एक. आत काय लावायचे ते मुलांनी ठरवायचे. फोटोच्या बाबतीत अट एकच: काच नि फोटो यांच्यामध्ये जाड कागदाचा पट्टा हवाच. मुले फोटो आणतात ते बहुतेक मोबाइलवरून छापून आणलेले. त्यांच्यापाशी शेकडो फोटो असतात, "यातला कोणता लावू?" हाच त्यांचा प्रश्न असतो. गेल्या खेपेला एका मुलीने तिच्या आजीचा फोटो आणला. आजी चुलीपाशी बसलेली, हसताना तोंडावर हात घेतलेली. "आजी म्हणते, मी अजून जिवंत आहे, मला भिंतीवर कशाला टांगतेस?" मुलगी सांगत होती.

मी तिला म्हटले, "आजीला सांग, हार घालायचा नाही. नुसतं टांगायचं."

तिने टांगला. परवा शाळेवरून येताना मी त्यांच्या घरी डोकावलो. आजी चौकटीखालीच बसून करंज्या लाटत होती, नि वर काचेमागे तीच आजी हसत होती. चौकटीचा चौथा कोपरा थोडा उघडा होता.